खडूस माणसांचे पिक्चर बघायचेत? मग सुरुवात इथून करा

प्रत्येक सोसायटीत असा एक माणूस असतोच. पार्किंगच्या रेषेबाहेर टायर चार बोटं गेला तरी खाली उतरून येणार, लिफ्टचं दार उघडं राहिलं की वरून ओरडणार, गणपतीची वर्गणी देणार पण पावतीवरचा आकडा दोनदा वाचून, आणि आरतीला मात्र कधीच दिसणार नाही. या माणसाला मध्यभागी बसवून केलेले पिक्चर जगात ढिगाने आहेत, स्वीडनमध्ये आहेत, ब्राझीलमध्ये आहेत, आपल्या बांद्र्यात आहेत, नाशकात आहेत, पण ज्याने यातलं अजून काहीच बघितलेलं नाही त्याची पंचाईत होते, कारण गूगलवर टाकलं की लांबलचक यादी येते आणि त्यातले निम्मे नुसते रुमाल भिजवायला काढलेले असतात. म्हणून जरा क्रमाने सांगते, त्याच क्रमाने बघा.

आधी एवढं डोक्यात ठेवा

गोष्ट साधारण सगळीकडे तीच. माणूस एकटा, बहुतेक वेळा म्हातारा, बायको गेलेली नाहीतर लग्नच झालेलं नाही, दिवसाचं टाइमटेबल ठरलेलं. मग शेजारी कोणीतरी राहायला येतं किंवा एखादं पोर गळ्यात पडतं आणि दोन तासांत महाशय माणसांत येतात. शेवट काय होणार हे पोस्टर बघूनच कळतं, त्यामुळे कोणी शेवट सांगितला म्हणून भांडू नका, मजा तो कसा येतो त्यात आहे. आणि चांगला कुठला, भंपक कुठला हे ओळखायची माझी एकच खूण आहे: चांगल्या पिक्चरमध्ये त्या माणसाकडे कोणी माया घेऊन येत नाही, काम घेऊन येतं. जरा शिडी द्या, गाडी मागे घेऊन द्या, पोराला दोन तास बघा. तो चिडतो, पण करतो, कारण समोरचा माणूस ते काम इतकं वाईट करत असतो की याला बघवत नाही, आणि तिथूनच दार किलकिलं होतं. भंपक पिक्चरमध्ये एक गोड मुलगी येते, मिठी मारते, मागे व्हायोलिन वाजतं आणि खेळ खल्लास. पुढचा प्रत्येक पिक्चर बघताना ते काम कुठलं हे शोधा, म्हणजे नुसतं रडून उठणार नाही, काहीतरी बघितल्यासारखं वाटेल.

पहिला नंबर: द लंचबॉक्स

२०१३चा, रितेश बत्राचा, १०४ मिनिटांचा. पहिला हाच का, तर सगळं ओळखीचं आहे, लोकल, डबेवाले, ऑफिसातल्या फायलींचे ढीग, त्यामुळे लक्ष सरळ माणसावर जातं. इरफानचा साजन फर्नांडिस क्लेम डिपार्टमेंटमध्ये आयुष्य घालवून रिटायरमेंटला आलेला, बायको गेलेली, गल्लीतल्या पोरांचा बॉल आला तर परत न देणाऱ्यांपैकी. इला नावाच्या बाईचा डबा चुकून त्याच्याकडे यायला लागतो, ती डब्यात चिठ्ठी ठेवते, आणि याचं पहिलं उत्तर काय, तर आज जेवणात मीठ जास्त होतं. बस्स एवढंच! थँक्यू नाही, कौतुक नाही. तिकडे ही बया तिखट वाढवून सूड घेते, आणि मग तो लिहितो की मीठ ठीक होतं पण तिखट जास्त झालं, तोंडाची आग विझवायला दोन केळी खाल्ली. आता यात प्रेमाचं अक्षर नाही, पण तिखट लागलं म्हणून केळी खाल्ली हे माणूस कोणाला सांगतो? घरातल्याच माणसाला सांगतो ना.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा खिडकीकडे लक्ष ठेवा. तो रात्री बाल्कनीत सिगारेट ओढत उभा असतो आणि समोरच्या घरात सगळे एकत्र जेवायला बसलेले दिसतात, तिथली छोटी मुलगी त्याला बघते आणि खिडकी लावून टाकते. त्या खिडकीचं पुढे काय होतं ते बघा, डायलॉग एकही नाही. नवाजुद्दीनचा शेख हा तर चिकटूपणाचा कळस, लोकलमध्ये मांडीवर भाजी चिरतो, आणि त्याने आणलेलं काम एकच, मला शिकवा. साजन त्याला किती दिवस टाळतो बघा. आणि वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी! भारती आचरेकरांचा नुसता आवाज, चेहरा एकदाही दिसत नाही, दोरीने टोपली खाली येते तेवढीच. मला विचाराल तर या पिक्चरमधला सगळ्यात जिवंत शेजार तोच.

दुसरा: अप, पण पहिल्या मिनिटापासून

पिक्सारचा, २००९चा, ९६ मिनिटांचा, म्हणून घरात पोरं असतील तर हा घ्या. ७८ वर्षांचा कार्ल, बायकोच्या आठवणीत घर सोडायला तयार नाही, आणि घराला फुगे बांधून घरासकट उडून जातो. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाचा पडदा उघडणारा हा पहिला अॅनिमेशनपट, शिवाय मायकल जकीनोच्या संगीताला ऑस्कर. सुरुवातीला कार्ल आणि एलीचा अख्खा संसार काही मिनिटांत दाखवलाय, एकही शब्द नाही, नुसतं संगीत. तेव्हा कोणी पॉपकॉर्न करायला किचनमध्ये गेलं तर पुढचा पिक्चर त्याच्यासाठी म्हातारा आणि पोरगा अशी साधी कार्टून होऊन बसतो, त्यामुळे सगळं आधी आणून ठेवा, पोरांना शू करून यायला सांगा, मग प्ले दाबा. यातलं काम म्हणजे रसेल या पोराला हवा असलेला बॅज, म्हाताऱ्यांना मदत केल्याचा. म्हणजे मदत म्हाताऱ्याला नकोच आहे, पोरालाच करायचीये, आणि त्या नादात पोराचा स्वतःचा बाप कुठे असतो ते हळूच बाहेर येतं. मोठ्यांनी तिकडे कान द्यावा.

तिसरा: ओव्हे, आणि मग हवं तर ऑटो

इथे थोडं थांबून सांगते कारण या प्रकारातला माझ्या मते सगळ्यात नीट बांधलेला पिक्चर हा. अ मॅन कॉल्ड ओव्हे, स्वीडिश, २०१५, दिग्दर्शक हानेस होल्म, फ्रेडरिक बॅकमनच्या कादंबरीवरचा, परभाषी विभागात ऑस्करचं नामांकन मिळालेला. त्याचाच हॉलीवुड अवतार २०२२चा अ मॅन कॉल्ड ऑटो, टॉम हँक्सचा. लोक हँक्सचं नाव बघून ऑटो आधी लावतात. ऑटो वाईट नाही, पण हँक्स कितीही कपाळाला आठ्या घालू दे, आपल्याला माहीत असतं हा माणूस मुळात चांगलाय. रोल्फ लासगोर्डचा ओव्हे मात्र पहिली वीस मिनिटं खरंच नकोसा वाटतो, आणि तसं वाटलंच पाहिजे.

आधी एक गोष्ट नीट सांगून ठेवते, या दोन्ही पिक्चरमध्ये तो माणूस बायकोच्या मागे जायचं म्हणून पुन्हा पुन्हा जीव द्यायचा प्रयत्न करतो, आणि ते दाखवलंय. दर वेळी कोणीतरी काहीतरी काम घेऊन टपकतं म्हणून राहून जातं, त्यात विनोदही आहे, पण घरात कोणी नुकतंच त्यातून गेलं असेल तर हा पिक्चर आत्ता नको, सरळ लंचबॉक्सवर थांबा. आणि कोणाला स्वतःलाच जड जात असेल तर पिक्चर हा काही इलाज नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे बोला.

आता ओव्हे. रोज सकाळी कॉलनीत राउंड मारतो, कोणी चुकीच्या जागी सायकल लावली का, गेट लागलंय का. समोर नवीन कुटुंब येतं, बाई इराणी, परवाने, पोटुशी, आणि नवऱ्याला ट्रेलर लावलेली गाडी मागे घेता येत नाही. ओव्हे त्याला उतरवून स्वतः गाडी लावून देतो, चिडून, पाहुणचार म्हणून मुळीच नाही. तिथून शिडी, मग परवानेला ड्रायव्हिंग शिकवणं. तो शिकवणीचा सीन नीट बघा. सिग्नलला गाडी बंद पडते, मागचा हॉर्न मारतो, तिच्या डोळ्यांत पाणी येतं, ती म्हणते मला जमणार नाही. ओव्हे उतरतो, मागच्या गाडीवाल्याची कॉलर धरून त्याला गप्प करतो, परत येऊन बसतो आणि तिला सांगतो की तू पोरं काढलीस, देश सोडून आलीस, नवी भाषा शिकलीस, गाडी चालवणं त्यापुढे काहीच नाही. आवाज तोच, दरडावल्यासारखा. म्हणजे माणूस बदललेला नाहीये, त्याचा राग फक्त आता तिच्या बाजूने उभा आहे. हे ज्याला दिसलं त्याला हे पिक्चर कळले असं मी धरते. अंधेरीच्या सिग्नलला ज्याची कधी गाडी बंद पडलीय त्याला तर तो सीन जास्तच लागेल.

गाड्यांचा विनोद मध्ये सुटतो म्हणून सांगते. ओव्हे साबवाला, मित्र रुने व्हॉल्वोवाला, दोन्ही स्वीडिश कंपन्या, वर्षानुवर्षं खुन्नस, आणि रुने एक दिवस बीएमडब्ल्यू घेतो तेव्हा मैत्रीच तुटते. आपल्याकडे बुलेटवाल्याला आणि राजदूतवाल्याला विचारा.

चौथ्या पायरीवर जरा कडू

इथपर्यंत आवडलं असेल तर आता खरोखर तोंडाळ माणसं. ॲज गुड ॲज इट गेट्स, १९९७, जॅक निकल्सन आणि हेलन हंट दोघांनाही ऑस्कर, १३९ मिनिटं. मेल्विन हा लेखक, त्याला ओसीडी, म्हणजे त्याच त्याच गोष्टी ठरल्याप्रमाणे करायला लावणारा मनाचा आजार, फुटपाथच्या भेगांवर पाय ठेवणार नाही, हॉटेलात टेबल तेच, वेट्रेस तीच, प्लॅस्टिकचे काटे-चमचे घरून आणणार, आणि समोर येईल त्याला घालूनपाडून बोलणार, समलिंगी शेजाऱ्याला तर फारच. काम काय, तर त्याच शेजाऱ्याचं कुत्रं सांभाळायचं. आजच्या डोळ्यांनी काही वाक्यं खटकतात आणि शेवटी त्याचं नि तिचं जमणं मला तरी पटत नाही, वयाचं अंतर बघा जरा, पण कुत्र्याचा भाग फर्मास आहे.

ग्रॅन टोरिनो, २००८, क्लिंट ईस्टवुड स्वतःच हिरो, स्वतःच दिग्दर्शक. डेट्रॉइटकडचा वॉल्ट, कोरियन युद्धात लढलेला, शेजारी आग्नेय आशियातून आलेले हमोंग लोक राहायला आलेत आणि हा तोंड उघडलं की शिवी. पोरांबरोबर बघायचा नाही, शिव्या फार आणि शेवट हलका नाही. शेजारचा थाओ त्याची १९७२ची गाडी चोरायचा प्रयत्न करतो, मग घरचे त्याला भरपाई म्हणून वॉल्टकडे कामाला पाठवतात. इथे तर काम ही शिक्षाच आहे. एका सीनमध्ये वॉल्ट गॅरेजमधल्या हत्यारांच्या भिंतीसमोर त्या पोराला सांगतो की डब्ल्यूडी-४० (गंजलेलं सोडवायचा स्प्रे), पकड आणि डक्ट टेप एवढं असलं की घरातली निम्मी कामं होतात. ते घेऊन जा म्हणतो. ज्यांचे आजोबा किंवा बाबा जुन्या बिस्किटाच्या डब्यात खिळे, वायसर, नटबोल्ट जमवून ठेवतात त्यांना हा सीन समजावून सांगावा लागणार नाही.

द होल्डोव्हर्स, २०२३, हा त्या मानाने सोपा, १९७०चा डिसेंबर, बोर्डिंग शाळा, सुट्टीत घरी न गेलेला पोरगा, सगळ्यांना नकोसा झालेला इतिहासाचा मास्तर आणि मुलगा युद्धात गमावलेली स्वयंपाकीण. डॅव्हाइन जॉय रँडॉल्फला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर याच्यासाठीच.

बाई खडूस असते तेव्हा

वरची सगळी यादी पुरुषांची आहे हे लक्षात आलं असेलच. एकटा पुरुष कुरकुरला की जग त्याच्यावर पिक्चर काढतं आणि एकटी बाई कुरकुरली की तिला नुसतं कजाग म्हणून मोकळं होतं, असो. सेंट्रल स्टेशन मुद्दाम बघा, ब्राझीलचा, १९९८, वॉल्टर सालेस, बर्लिन महोत्सवाचं गोल्डन बेअर मिळालेला. डोरा ही रिटायर्ड मास्तरीण, रिओच्या स्टेशनवर टेबल टाकून निरक्षर लोकांची पत्रं लिहून देते, पैसे घेते आणि बरीच पत्रं पोस्टच करत नाही! आपल्या जीपीओसमोर कबुतरखान्यापाशी पत्रं लिहून देणारे बसायचे, ते ज्यांनी बघितलेत त्यांना हा धक्का जास्त बसेल. मग एका गिऱ्हाईक बाईला स्टेशनबाहेर बस उडवते, तिचं पोर स्टेशनवर एकटं राहतं आणि डोरा त्याच्याशी जे करते ते इतकं वाईट आहे की थोडा वेळ पिक्चर बंद करावासा वाटतो. करू नका. फर्नांडा मोंटेनेग्रोचा चेहरा बघत राहा, एवढंच सांगते.

आपले मराठी

यादीत हे शेवटी टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण खरं म्हणजे लंचबॉक्सनंतर लगेच एक मराठी घ्या. गोदावरी, निखिल महाजनचा, थिएटरात आला २०२२मध्ये, दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, आणि जितेंद्र जोशीला गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात अभिनयाचं बक्षीस. त्याचा निशिकांत म्हातारा नाही, बायको आहे, मुलगी आहे, आईवडील आहेत, सगळे नाशकातच, आणि हा त्यांच्यापासून वेगळा राहतो, घरची भाडी गोळा करत फिरतो, सगळ्यांवर आणि नदीवरसुद्धा चिडलेला. एकटं राहायला म्हातारं किंवा विधुर व्हावं लागत नाही हे या पिक्चरला कळलंय. विक्रम गोखल्यांचे आजोबा पण बघण्यासारखे. गती संथ आहे, रात्री अकराला लावू नका, झोपाल.

कासव, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालेला. यात एकटा पडलेला आलोक राजवाडेचा तरुण मुलगा, त्यानेही जीव द्यायचा प्रयत्न केलेला, म्हणून वरची सूचना इथेही लागू. इरावती हर्षेची जानकी त्याला घरी ठेवून घेते आणि तू कोण, कुठला, असं का केलंस याची सरबत्ती करत नाही. आपल्याकडे पाहुणा आला की दोन मिनिटांत पगार विचारतात, त्यामुळे हे न विचारणं किती अवघड आहे ते बघताना जाणवतं. कोकणचा किनारा आणि समुद्री कासवांची पिल्लं हे वरती बोनस.

सचिन कुंडलकरचा हॅपी जर्नी पण आहे, २०१४चा, अतुल कुलकर्णी कोणाशी धड न बोलणारा भाऊ आणि प्रिया बापट त्याची गेलेली बहीण जी गाडीत येऊन बसते. हलका आहे, पावसाळी संध्याकाळी चालतो.

बघायचं कसं, कोणाबरोबर

कुठल्या ॲपवर काय आहे हे इथे लिहून उपयोग नाही, हक्क इकडचे तिकडे जात राहतात, जस्टवॉच या साइटवर देश भारत ठेवून नाव टाका, तिथे कळेल. परदेशी पिक्चरला इंग्रजी सबटायटल असतात, मराठी बहुतेक वेळा नसतात, म्हणून आईबाबांबरोबर बसणार असाल तर लंचबॉक्स, गोदावरी किंवा १०२ नॉट आउट घ्या. तो २०१८चा, १०२ वर्षांचा बाप अमिताभ आणि ७५ वर्षांचा रडका मुलगा ऋषी कपूर, बाप धमकी देतो की माझ्या अटी पाळ नाहीतर तुला वृद्धाश्रमात टाकतो. अटी म्हणजे पुन्हा कामंच आली की नाही? उत्तरार्ध पाणचट होतो, पण हे दोघं एकत्र बघायला ज्येष्ठ मंडळी माफ करतात. सबटायटल लावणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करा, मागे काळी पट्टी द्या, बर्फातल्या सीनमध्ये पांढरी अक्षरं दिसत नाहीत आणि ओव्हेत बर्फ आहे.

बाबांबरोबर किंवा सासऱ्यांबरोबर बघताना एक पथ्य पाळा. पिक्चर चालू असताना त्यांच्याकडे बघून हसू नका, आणि संपल्यावर "अगदी तुमच्यासारखाच आहे ना" हे तर अजिबात नको. ते उठून आत जातील, आणि पुढच्या वेळी बसणार नाहीत. त्याऐवजी त्या माणसाच्या कामाबद्दल विचारा, त्याने ती गाडी बरोबर लावली का, तो रेडिएटर असा दुरुस्त होतो का. मग बघा कसे बोलतात.

एका दिवशी एकच. दोन लागोपाठ बघितले की दुसऱ्यातला म्हातारा पहिल्याची नक्कल वाटायला लागतो आणि दोन्ही वाया जातात. लोकलमध्ये मोबाइलवर बघायचा असेल तर अप किंवा १०२ बघा, गोदावरी आणि कासव नको, त्यांच्यातली शांतता दादरच्या गर्दीत ऐकू येत नाही.

मोठ्या पडद्यावर आणि चार माणसांत बसून बघायची हौस असेल तर मुंबईत १९६८पासून चालू असलेलं प्रभात चित्र मंडळ आहे, मेंबर होता येतं, बाहेरच्या देशांचे पिक्चर दाखवतात, नंतर चर्चा पण होते. पहिल्यांदा एकटे गेलात तरी चालतं, तिथे एकटे येऊन कोपऱ्यातली खुर्ची पकडणारे बरेच असतात, आणि मध्यंतरात चहाच्या टेबलाशी तेच सगळ्यात जास्त भांडतात.

आणि हे सगळं झाल्यावर

मग कुरोसावाचा इकिरू, १९५२, १४३ मिनिटं, काळा-पांढरा, जपानी. टोकियोच्या पालिकेतला साहेब, वर्षानुवर्षं शिक्के मारत बसलेला, त्याला पोटाचा कॅन्सर निघतो. हा सगळ्यांचा आजोबा आहे, पण पहिल्याच दिवशी बघितला तर लांबट वाटतो, म्हणून इतका मागे ठेवला. याचाच काझुओ इशिगुरोने लिहिलेला इंग्रजी अवतार लिव्हिंग, २०२२, बिल नायचा, त्याच्यानंतर बघा, आधी नाही. इकिरूत सुरुवातीला वस्तीतल्या बायका गटाराच्या पाण्याची तक्रार घेऊन येतात आणि त्यांना एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या असं अख्ख्या बिल्डिंगभर फिरवतात. वॉर्ड ऑफिसात कधी पाण्याच्या लायनीसाठी अर्ज घेऊन गेला असाल तर हा सीन सबटायटलशिवाय पण कळेल.